फोनवरचे कोड एडिटर: संशोधनाला कितपत पुरतात?

मागच्या आठवड्यात विभागाच्या कॅन्टीनमध्ये एका ज्युनियरनं विचारलं, "ताई, लॅपटॉप नाहीये. बाबा म्हणतात सोयाबीन विकलं की बघू. तोवर फोनवरच कोडिंग सुरू केलं तर चालेल का? एखादं चांगलं ॲप सांगा ना." मी पटकन एका ॲपचं नाव सांगितलं, चहा संपवला आणि निघाले. जिना चढताना लक्षात आलं की त्यानं दोन प्रश्न विचारले होते आणि मी त्यातल्या सोप्याचंच उत्तर दिलं. 'कोणतं ॲप' हा सोपा. 'चालेल का' हा अवघड. त्या अवघड प्रश्नाचं उत्तर मला दीड वर्षापूर्वी एका सेमिनारमध्ये, सगळ्यांसमोर उभी असताना मिळालं होतं. ते मी त्याला सांगितलंच नाही. म्हणून आज इथे सविस्तर.

मी भाषाविज्ञानात पीएचडी करते. जुन्या घरगुती पत्रांमधली मराठी हा माझा विषय. पत्रं आधी टाइप करायची, मग छोट्या प्रोग्रॅमनं त्यातले शब्द मोजायचे, असं काम चालतं. पहिल्या वर्षी माझ्याकडेही लॅपटॉप नव्हता. हॉस्टेलच्या खोलीत, मेसच्या रांगेत, पुणे-लातूर एसटीत मी फोनवर टाइप केलेलं आहे. त्यामुळे 'फोनवर कुठे संशोधन होतं का' असं नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूनं मी बोलत नाहीये, हे आधीच सांगते.

कोड एडिटर म्हणजे नेमकं काय?

वर्डमध्ये आपण लिहितो तेव्हा मजकुराबरोबर फॉन्ट, रंग, समास असं बरंच काही फाईलमध्ये जातं. कोड एडिटर यातलं काहीच ठेवत नाही. तो निव्वळ मजकूर ठेवतो, म्हणजे एकामागून एक चिन्हं. म्हणूनच अशी फाईल कुठल्याही यंत्रावर उघडते आणि प्रोग्रॅमला वाचता येते. संशोधनाचा कच्चा माल शक्यतो अशाच साध्या फाईलमध्ये ठेवावा, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडून घ्या.

अँड्रॉइडवर ॲकोड नावाचा मुक्त स्रोत एडिटर आहे. वेबपेज लिहून तिथल्या तिथे पाहता येतं, दूरच्या सर्व्हरवरची फाईल उघडता येते, प्लगइन जोडता येतात. नोंदींसाठी मार्कोर आहे, तोही मुक्त स्रोत. आयफोन-आयपॅडवाल्यांना टेक्स्टास्टिक आहे, पण तो विकत घ्यावा लागतो. प्रोग्रॅम चालवायचा असेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स आणि ॲपलवर ए-शेल. दोन्हींमध्ये पायथन चालतं.

या ॲप्सबद्दल जे परीक्षण येतं, ते बहुतेक एकाच साच्याचं असतं. किती थीम आहेत, जाहिराती किती, किती भाषांना रंगीत मांडणी मिळते. 'शंभरावर भाषा' असं वाचलं की छान वाटतं. पण त्या सगळ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा. आपल्या फाईलमधली मराठी त्या यादीत कुठेच नसते, आणि ती नीट हाताळली जाते का हे कोणी तपासत नाही. माझी तक्रार इथून सुरू होते. संशोधन करणाऱ्यानं एडिटरला थीम विचारू नयेत. तीन गोष्टी विचाराव्यात: माझी फाईल कुठे आहे? तिच्यात खरोखर काय आहे? आणि कालची फाईल मला परत मिळेल का?

फाईल कुठे आहे?

संगणकावर वाढलेल्या माणसाला हा प्रश्न बावळट वाटेल. फाईल फोल्डरमध्ये असते, आणखी कुठे! फोनवर ते तितकं सरळ नाही.

पूर्वी अँड्रॉइडवर ॲपला स्टोरेजची परवानगी दिली की ते फोनच्या सामायिक जागेत जवळपास कुठेही हात घालू शकायचं. २०१९ मधल्या अँड्रॉइड १० पासून हे आवळायला सुरुवात झाली आणि २०२० मधल्या अँड्रॉइड ११ मध्ये नियम पक्का झाला. आता आपण एखादं फोल्डर निवडून द्यायचं आणि ॲपला तेवढ्यापुरती मुभा मिळते. प्रत्येक ॲपची स्वतःची खासगी खोली वेगळी, तिथे दुसऱ्या ॲपला प्रवेश नाही. आपल्या खासगीपणाच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. पण एडिटरच्या दृष्टीनं? एडिटरचं कामच मुळी इकडच्या तिकडच्या फाईल उघडण्याचं.

त्याचा परिणाम असा होतो. मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर फाईल पाठवली. आपण तिच्यावर बोट ठेवलं आणि ती एडिटरमध्ये उघडली. आपण दुरुस्त्या केल्या, 'सेव्ह' दाबलं. नेमकं काय सेव्ह झालं? कधी मूळ फाईल, कधी एडिटरनं स्वतःच्या खोलीत काढलेली प्रत. स्क्रीनवर दोन्ही वेळा नाव तेच दिसतं. मी एकदा दोन संध्याकाळी खपून दुरुस्त केलेल्या फाईलऐवजी डाउनलोडमधली जुनीच फाईल मार्गदर्शकांना मेल केली होती. त्यांचं उत्तर आलं, "दुरुस्त्या कुठे आहेत?" दुरुस्त्या होत्या. पण त्या कुठे होत्या ते शोधायला मला अर्धा दिवस लागला.

आणखी एक, आणि हे पाठच करा. ॲप काढून टाकलं की त्याची खासगी खोलीही पुसली जाते. टर्मक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेलं काम टर्मक्सबरोबर जातं. फोनची मेमरी भरली, जागा करायला चार ॲप उडवली, आणि त्यात महिन्याचं काम गेलं असं होऊ शकतं. म्हणून टर्मक्समध्ये एकदा 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' ही आज्ञा देऊन सामायिक जागेची परवानगी घ्या आणि कामाचं फोल्डर तिथेच ठेवा. याचा दुसरा फायदा म्हणजे एडिटर आणि टर्मक्स दोघांनाही तेच फोल्डर दिसतं. नाहीतर लिहायचं एका खोलीत आणि चालवायचं दुसऱ्या खोलीत, मधल्या भिंतीतून फाईल सरकवत बसायचं.

फाईलमध्ये खरोखर काय आहे?

आता सेमिनारची गोष्ट.

'येणाऱ्या', 'करणाऱ्या', 'सांगणाऱ्या' अशी रूपं माझ्या पत्रांत किती वेळा येतात ते मी मोजलं होतं. जुन्या पत्रांत ती भरपूर दिसत होती, नंतरच्या पत्रांत एकदम रोडावली होती. मी खूश! पीएचडीच्या पहिल्याच वर्षात इतकी स्पष्ट घट सापडली म्हणून आलेख काढला, घरगुती मराठीत वाक्यरचना सुटसुटीत होत गेली असा अंदाजही बांधला. सेमिनारमध्ये मागच्या बाकावरून एका सीनियरनं शांतपणे विचारलं, "ही घट पत्रांत आहे की तुझ्या कीबोर्डात?"

मला प्रश्नच कळला नाही. संध्याकाळी त्यानं समजावलं तेव्हा पोटात गोळा आला.

मराठीतला हा अर्धा र, ज्याचा आकार आडव्या कोयरीसारखा दिसतो, तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. एका रीतीत चिन्हं अशी: द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. एकूण ७. दुसऱ्या रीतीत 'दुसर्‍या' असा लिहितात: द, उकार, स, साधा र, हलन्त, मग 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह, य, काना. एकूण ८. यूटीएफ-८ मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे पहिला शब्द २१ बाइटचा आणि दुसरा २४ चा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द. एक शोधलात तर दुसरा सापडणार नाही. युनिकोडचं जे प्रमाणीकरण असतं, ज्याला नॉर्मलायझेशन म्हणतात, तेही या दोन रूपांना एक करत नाही.

माझ्या फोनचा कीबोर्ड पहिल्या रीतीनं टाइप करायचा. लॅबमधल्या संगणकावरचं टायपिंग दुसऱ्या रीतीचं होतं. जुनी पत्रं मी फोनवर टाइप केली होती, नंतरची बहुतेक लॅबमध्ये. मोजायचा प्रोग्रॅमही फोनवर लिहिलेला, त्यामुळे तो पहिलीच रीत शोधत होता. नंतरच्या पत्रांपैकी थोडी फोनवर झाली होती म्हणून आकडा शून्यावर आला नाही. शून्य आला असता तर मला शंका तरी आली असती. कमी आला, म्हणून तो शोध वाटला.

यात एडिटरचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. चिन्हं कीबोर्डनं घातली आणि आळस माझा. अगदी मान्य. पण मजकूर हाताळणं हेच ज्या साधनाचं काम, त्यानं मजकुरात काय आहे ते दाखवायला नको का? 'अदृश्य चिन्हं दाखवा' असा पर्याय या एडिटरांमध्ये असला तरी तो साधारण स्पेस आणि टॅब दाखवून थांबतो. मराठीत जे अदृश्य चिन्ह शब्द बदलून टाकतं, ते अदृश्यच राहतं.

दुसरं गाऱ्हाणं कर्सरचं. ॲकोडचा पाया बरीच वर्षं एस हे वेबवरचं एडिटर इंजिन होता. एस सगळी अक्षरं सारख्या रुंदीची आहेत असं धरून चालतं. इंग्रजी कोडसाठी ते ठीक आहे. पण 'क्षि' हे ४ चिन्हांचं एक अक्षर, 'ग' एका चिन्हाचं, आणि दोन्हींची रुंदी वेगळी. मग कर्सर दिसतो एका जागी आणि अक्षर उमटतं दुसऱ्या जागी. बॅकस्पेस दाबलं की कधी नुसती वेलांटी जाते, कधी अख्खं अक्षर. मोठ्या स्क्रीनवर माऊसनं सावरून घेता येतं. अंगठ्यानं काम करताना आपण न पाहता पुढे जातो आणि चूक फाईलमध्ये राहते.

कोड लिहिताना फोनचा कीबोर्ड आणखी मदत करतो, ती नको असलेली. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो, म्हणून 'इम्पोर्ट' हा शब्द पायथन ओळखत नाही. सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं घालतो, पायथन लगेच चूक दाखवतो. या चुका मात्र मला आवडतात. का, तर त्या ओरडून सांगतात. प्रोग्रॅम अडतो आणि आपण दुरुस्त करतो. भीती बाळगायची ती न ओरडणाऱ्या चुकांची. माझा प्रोग्रॅम एकदाही अडला नव्हता.

दुरुस्ती करताना दुसरी चूक

हे कळल्यावर मी इंटरनेटवरून मजकूर 'स्वच्छ' करणारा एक तुकडा उचलला. तो सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकत होता. चालवला, आणि नशीब की प्रतीवर चालवला. जॉइनर पुसला की 'दर्‍या' या शब्दात उरतं र, हलन्त आणि य, म्हणजे 'दर्या'. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! 'आचाऱ्यांना' वाढा म्हटलेलं ताट 'आचार्यांना' गेलं. इंग्रजीसाठी निरुपद्रवी असलेली सफाई मराठीत अर्थ बदलते. योग्य रीत अशी: र, हलन्त, जॉइनर ही तीन चिन्हं या क्रमानं जिथे असतील तिथे ऱ आणि हलन्त ही दोन घालायची. एवढंच. मग पुन्हा मोजायचं.

मी पुन्हा मोजलं. घट नाहीशी झाली.

कालची फाईल परत मिळेल का?

फोनवर मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे पडलेली ॲप बंद करतं. एडिटर उघडा, मध्येच फोन आला, मग पाच मिनिटं व्हिडिओ, परत आलो तर लिहिलेलं गायब, हा अनुभव नवा नाही. त्यावर उपाय म्हणून आपोआप सेव्हचा पर्याय असतो. पण तो चूकही तितक्याच तत्परतेनं सेव्ह करतो. खिशात ठेवताना अंगठा लागून तीन ओळी गेल्या तर त्या कायमच्याच जातात. संशोधकाला हवा असतो तो इतिहास: काल काय होतं, आज काय बदललं. त्यासाठी गिट आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. टर्मक्समध्ये ते बसवता येतं आणि फोनवर चांगलं चालतं. चार आज्ञा शिकायला एक दुपार पुरते. ती दुपार खर्च करा. ते होईपर्यंत निदान फाईलच्या नावात तारीख घाला आणि रोज रात्री एक प्रत फोनच्या बाहेर पाठवा.

मग चालेल का?

चालेल. पण कशासाठी, ते ठरवून. फोनवर कोड वाचणं उत्तम होतं. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम एसटीत ओळ न् ओळ वाचून मी जितकं शिकले तितकं लॅबमध्ये शिकले नाही. क्षेत्रभेटीच्या नोंदी, मुलाखतीचं लेखन, वीस-तीस ओळींचा प्रोग्रॅम, एखादी किरकोळ दुरुस्ती, हे सगळं होतं. ओटीजी केबलनं साधा कीबोर्ड जोडला तर बोटांचे हालही वाचतात. मोठ्या फाईलमध्ये एकदम शोधून बदलणं, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून तपासणं आणि ज्यावरून निष्कर्ष काढायचा ती अंतिम मोजणी, हे मात्र फोनवर उरकू नका.

ॲप डाउनलोड केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एवढं करून बघा:

१. सामायिक जागेत दोन फोल्डर करा, 'मूळ' आणि 'काम'. मूळमधल्या फाईलला हात लावायचा नाही, बदल करायचे ते काममधल्या प्रतीवर.

२. एक फाईल बदलून सेव्ह करा, एडिटर पूर्ण बंद करा, मग फोनच्या फाईल्स ॲपमधून तीच फाईल शोधून उघडा. बदल दिसला तरच पुढे जा.

३. 'दुसऱ्या' हा शब्द टाइप करून पायथनच्या 'लेन' फंक्शनला त्याची लांबी विचारा. ७ आली की ८? मग लॅबमधल्या संगणकावरही तेच करा. दोन आकडे वेगळे आले तर दोन्हीकडचा मजकूर एकत्र करण्याआधी एकसारखा करून घ्या.

४. कोड लिहिताना कीबोर्डची आपोआप दुरुस्ती आणि कॅपिटल अक्षरं बंद ठेवा. ओळ आत सरकवायला टॅब की स्पेस ते एकदाच ठरवा, कारण दोन्हींची सरमिसळ पायथनला चालत नाही.

५. कोणता मजकूर कुठल्या यंत्रावर, कुठल्या कीबोर्डनं टाइप झाला ते एका साध्या फाईलमध्ये लिहून ठेवा. मी ही नोंद ठेवली असती तर तो सेमिनार वेगळा झाला असता.

हा पाचवा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रबंधात संशोधनपद्धतीचं एक प्रकरण असतं. त्यात आपण नमुना कसा निवडला ते लिहितो, मजकूर कुठे टाइप केला ते मात्र लिहीत नाही. फोनवर टाइप केलं हे सांगायला अनेकांना लाजच वाटते, जणू ते कमी दर्जाचं काम. मलाही वाटायची. माझी चूक फोन वापरण्यात नव्हती. फोन वापरला हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, त्यात होती. ते लिहिलेलं असतं तर मला स्वतःलाच शंका आली असती, मागच्या बाकावरच्या प्रश्नाची वाट पाहावी लागली नसती.

काल तो ज्युनियर पुन्हा भेटला. एडिटर डाउनलोड केला होता, थीमही काळी करून घेतली होती. मी त्याला 'दुसऱ्या' टाइप करून लांबी बघायला सांगितलं. त्याच्या फोनवर ८ आली. माझ्या फोनवर ७. दोघंही आम्ही एकाच टेबलावर, आणि शब्द एकच. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, मग बरोबर कोणाचं?"

म्हटलं, "दोघांचंही. पण एकत्र मोजलं तर कोणाचंच नाही. बस, आधी हे दुरुस्त करायला शिकू."